सुटरकिन स्ट्रीटचा कारभार

२९ जुलै १९११ या तारखेबद्दल बंगालबाहेरही आता भरपूर लिहिलं गेलं आहे. मोहन बागानच्या अकरा जणांनी, ज्यातले दहा अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. पहिला गोल गोऱ्यांचा. मग शिवदास भादुरीनं बरोबरी साधली आणि शेवटच्या काही मिनिटांत अभिलाष घोषनं विजयाचा गोल केला. गर्दी इतकी की मागच्यांना चेंडू दिसणं शक्यच नव्हतं. गोल झाला की पतंग उडवून त्यांना आकडा कळवत होते. खास गाड्या सोडल्या होत्या, तिकिटं काळ्या बाजारात गेली होती. हे सगळं पाठ असलेले लोक महाराष्ट्रातही भेटतात.

या गोष्टीतलं एक पात्र मात्र कायम पडद्याआड राहतं. ती स्पर्धा भरवत कोण होतं? मोहन बागानचा अर्ज कुणी स्वीकारला, कुणाची गाठ कुणाशी हे कुणी ठरवलं, पंच कुणी नेमला? हे सगळं करणारी संस्था होती इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, आणि १९११ साली तिचा कारभार बहुतांशी गोऱ्यांच्याच हातात होता. साहेबानं भरवलेल्या स्पर्धेत साहेब हरला आणि तो निकाल साहेबाच्याच दप्तरात नोंदला गेला. शिवदास भादुरीच्या पायांबद्दल वाचायला मलाही आवडतं. पण या दप्तराचं कुतूहल मला त्याहून जास्त आहे. खेळाडू येतात, जातात. वही चालूच राहते, आणि ती ज्याच्या हातात असते तो कुणाला खेळायला मिळेल हे ठरवतो. कोलकात्याच्या आयएफएचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे त्या वहीवरून झालेली भांडणं आहेत.

आज या संस्थेचं कार्यालय मध्य कोलकात्यात, ११/१ सुटरकिन स्ट्रीटवर आहे. जवळच वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि चांदनी चौकचा विजेच्या सामानाचा बाजार. नाव 'इंडियन', अधिकार पश्चिम बंगालपुरता. मुंबईत 'वेस्टर्न इंडिया', गोव्यात 'गोवा', कोल्हापुरात 'कोल्हापूर'. ज्यानं त्यानं आपल्या वकुबाप्रमाणं पाटी लावली. कोलकात्यानं १८९३ मध्ये अख्ख्या देशाची लावली आणि पुढं कधी उतरवली नाही.

त्या वेळी ती पाटी फारशी खोटीही नव्हती. कलकत्ता ही राजधानी होती आणि फुटबॉल म्हणजे पलटणी, गोरे क्लब आणि त्यांच्याकडं पाहून शिकलेली बंगाली कॉलेजातली पोरं. सिमल्यात १८८८ पासून ड्युरँड, मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स, कलकत्त्यात १८८९ पासून ट्रेड्स कप. यांपैकी कलकत्त्यात देशी संघांना लवकर वाव मिळाला, त्याचं श्रेय बरंचसं नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी या माणसाला जातं. लहानपणी, १८७७ मध्ये, मैदानाच्या कडेनं जाताना त्यानं गोऱ्यांच्या खेळातला चेंडू लाथाडला आणि तिथून बंगाली फुटबॉल सुरू झाला अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेपेक्षा त्याची दुसरी गोष्ट मला मोलाची वाटते. त्याच्या वेलिंग्टन क्लबात कुंभाराच्या मुलाला घ्यायला सभासदांनी नकार दिला, तेव्हा त्यानं क्लबच मोडला आणि शोभाबाजार क्लब काढला. त्याच शोभाबाजारनं १८९२ मध्ये ट्रेड्स कपात ईस्ट सरे रेजिमेंटला २-१ असं हरवलं. पुढच्याच वर्षी आयएफए जन्माला आली. संस्थेच्या सुरुवातीच्या कारभारात शोभाबाजारचे काली मित्र होते, एकटेच भारतीय. गोऱ्यांच्या बैठकीत एक धोतर. त्याला तिथं काय बोलू दिलं जात असेल याची कल्पना करता येते, पण खुर्ची होती हे महत्त्वाचं.

१८९३ ची पहिली शील्ड रॉयल आयरिश रायफल्सनं जिंकली. १८९८ मध्ये कलकत्ता लीग सुरू झाली, पहिली जिंकली ती ग्लॉस्टरशायर रेजिमेंटनं. आशियातल्या सर्वांत जुन्या लीगांमध्ये तिची गणना होते. शील्ड आणि लीग या दोन गोष्टींत मोठा फरक आहे आणि नियामक संस्था समजून घ्यायची तर तो ध्यानात घ्यावा लागतो. बाद पद्धतीची स्पर्धा हा उत्सव असतो. पाहुण्याला चार दिवस मांडवात बसवायला कुणाची हरकत नसते. हरला की तो घरी जातो. लीग म्हणजे बिऱ्हाड. तिथं शिरलेला दर पावसाळ्यात तुमच्या शेजारी राहणार, तुमच्याइतकेच सामने खेळणार आणि बैठकीत मत मागणार. म्हणून शील्डचं दार देशी क्लबांना उघडं होतं, मोहन बागाननं १९११ मध्ये ती जिंकलीही, पण लीगमध्ये त्यांना प्रवेश मिळाला तो १९१४ साली, दुसऱ्या श्रेणीत, आर्यन क्लबाबरोबर. पुढच्या वर्षी मोहन बागान पहिल्या श्रेणीत गेला. म्हणजे सम्राटाच्या पलटणीला हरवलेल्या संघाला लीगच्या उंबऱ्यावर तीन वर्षं आणि माडीवर चढायला चौथं.

वर अट अशी की पहिल्या श्रेणीत देशी क्लब दोनच असतील.

ही दोनाची अट हे आयएफएच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं पान आहे. १९२० मध्ये जोडाबागान क्लबानं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. पूर्व बंगालच्या माणसाला मुद्दाम डावललं असं म्हणत क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले, आणि १ ऑगस्ट १९२० ला ईस्ट बंगाल क्लब स्थापन झाला. चार वर्षांत या क्लबानं दुसऱ्या श्रेणीतून वर जाण्याइतके गुण मिळवले, आणि तिथं दोनाची अट आडवी आली. पहिल्या श्रेणीत मोहन बागान आणि आर्यन आधीच बसले होते. ईस्ट बंगालनं दाद मागितली. प्रकरण आयएफएच्या बैठकीत गेलं. त्या बैठकीची हकीकत कोलकात्यात आजही चवीनं सांगतात: गोऱ्या क्लबांनी अट काढायला संमती दिली आणि विरोध केला तो आत बसलेल्या दोन देशी क्लबांनी. अखेर अट गेली. १९२५ मध्ये ईस्ट बंगाल पहिल्या श्रेणीत खेळला आणि त्याच मोसमात जगातल्या एका नामांकित वैराचं लीगमधलं खातं उघडलं.

या बैठकीतलं मतदान राष्ट्रवादी इतिहासाला अडचणीचं आहे. पण कुठल्याही सहकारी संस्थेच्या, साखर कारखान्याच्या नाहीतर साहित्य संमेलनाच्या निवडणुका पाहिलेल्या मराठी माणसाला त्यात नवल वाटू नये. दोनच जागा असतील तर दोघांपैकी एकानं तिसऱ्यासाठी सरकून बसावं असं सहसा घडत नाही. गोऱ्यांना फार काही गमवायचं नव्हतं. पलटणी येत-जात राहत. आज कलकत्त्यात, उद्या पेशावरला. जे कायमचे राहणार होते त्यांनाच जागेची किंमत ठाऊक होती.

तिसऱ्या दशकानंतर वहीवरची पकड हळूहळू बदलत गेली. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या वातावरणात लीग अर्ध्यावर सोडावी लागली. १९३४ मध्ये मोहामेडन स्पोर्टिंग पहिल्या श्रेणीत आला आणि त्याच मोसमात लीग जिंकून बसला. कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला देशी क्लब. मोहन बागानला १९ वर्षं जे जमलं नव्हतं ते मोहामेडननं एका पावसाळ्यात केलं, आणि मग १९३८ पर्यंत सलग पाच वेळा केलं. १९३६ मध्ये तर लीग आणि शील्ड दोन्ही. चिखलात बूट घालून खेळायची सवय त्यांनी लावून घेतली होती, देशभरातून खेळाडू आणले होते. अनवाणी पायांचं कौतुक मैदानावर खूप होतं, पण कलकत्त्याची लीग ऐन पावसाळ्यात, मे-जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालते. ओल्या जमिनीवर बुटाला पर्याय नसतो, हे मोहामेडननं आधी ओळखलं. बाकीच्या देशाला ते कळायला १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिक आणि युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव लागला.

मोहामेडनच्या यशानं आयएफएपुढं नवा पेच टाकला. आता तंटा गोरे विरुद्ध काळे असा नव्हता; देशी क्लबांचा आपसांतला आणि प्रत्येकाचा संस्थेशी होता. पंचांचे निर्णय पक्षपाती आहेत, शिक्षा ठरवताना माणसं पाहिली जातात, अशा तक्रारी वाढल्या. १९३९ मध्ये ईस्ट बंगाल, मोहामेडन आणि काळीघाट यांनी मोसमाच्या मध्यावर लीग सोडली आणि वेगळी चूल मांडण्याची भाषा सुरू झाली. त्या वर्षी लीग मोहन बागाननं जिंकली. त्यांची ती पहिली. बागानच्या चाहत्यासमोर हा तपशील काढायचा नसतो. फुटलेले क्लब पुढं परत आले, कारण बाहेर राहून खेळायचं कुणाशी हा प्रश्न उरतोच. आयएफएची ताकद नेमकी यात होती. तिच्यावर प्रेम कुणाचंच नव्हतं, पण तिच्या वहीबाहेर खेळलेल्या सामन्याला कुणी सामना म्हणत नव्हतं.

याच काळात दिल्ली-मुंबईकडच्या मंडळींशी आयएफएचं बिनसलं होतं. आयएफएची इंग्लंडच्या असोसिएशनशी थेट संलग्नता होती. १९३३ मध्ये सिलोनला आणि १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला भारताच्या नावानं जे संघ गेले ते आयएफएनं नेले. पहिल्याचा कर्णधार गोष्ठ पाल, ज्याला बंगाल चीनची भिंत म्हणायचं. साहजिकच राष्ट्रीय संस्था म्हणजे आपणच असं कलकत्त्याला वाटत होतं. इतर प्रांतांना ते मान्य नव्हतं. १९३५ मध्ये त्यांनी ऑल इंडिया फुटबॉल असोसिएशन नावाची वेगळी संस्था काढली. दोन वर्षं वाटाघाटी चालल्या. लष्करही त्यात होतं, कारण पलटणींचे संघ सगळ्या प्रांतांत खेळत आणि त्यांना एकच मालक हवा होता. अखेर २३ जून १९३७ ला सिमल्यात लष्करी मुख्यालयात ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन स्थापन झालं. आयएफए कागदोपत्री एक प्रांतिक सभासद झाली. नाव तेवढं राहिलं.

मुंबईकर वाचकाला इथं आपल्या घरची आठवण होणं साहजिक आहे. मुंबईतही १९०२ पासून बॉम्बे फुटबॉल असोसिएशन होती, रोव्हर्सची समिती वेगळी होती, आणि १९११ मध्ये, म्हणजे मोहन बागानच्याच वर्षी, दोन्ही मिळून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन झाली. दोन्ही शहरांत साहेबाचीच संस्था, साहेबाचीच स्पर्धा. पण पुढं वाट वेगळी झाली. रोव्हर्स जिंकणारा पहिला देशी संघ मुंबईचा नव्हता, बंगलोर मुस्लिम्स होता, १९३७ साली. मुंबईत फुटबॉल गोवेकरांच्या वस्त्यांतून, गिरण्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांतून वाढला: टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, पुढं महिंद्र. मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा याच मुंबईचा. कंपनीचा संघ चांगला असतो, खेळाडूला पगार वेळेवर मिळतो. पण तो एका ठरावानं बंद होतो. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये तसाच बंद झाला, त्याआधी चारच वर्षं तो राष्ट्रीय लीगचा विजेता होता. मोहन बागान बंद करायचा तर हजारो सभासदांशी गाठ आहे.

जमिनीचा हिशेब मात्र उलटा आहे. मुंबईच्या संस्थेपाशी कूपरेज होतं, कोलकात्याच्या संस्थेपाशी स्वतःचं असं मोठं मैदान कधीच नव्हतं. कोलकात्याचं 'मैदान' हे लष्कराच्या मालकीचं. फोर्ट विल्यमसमोरची जागा मोकळी हवी, तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये, म्हणून राखलेली. त्यामुळं तिथं पक्कं बांधकाम करायला मनाई. देशातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांची कार्यालयं म्हणूनच 'तंबू' म्हणवली जातात, आणि प्रेक्षक वर्षानुवर्षं लाकडी फळ्यांच्या गॅलऱ्यांवर बसले. ज्याला तिकीट मिळालं नाही तो किल्ल्याच्या बुरुजाच्या उतारावरून पाहायचा, किंवा पुठ्ठ्याच्या नळकांड्यात आरसे बसवलेला पेरिस्कोप घेऊन गर्दीच्या डोक्यावरून. सामना कुणाच्या मैदानावर, परवानगी कुणाची, बंदोबस्त किती, प्रत्येक वेळी आयएफएला कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागे. एवढ्यावर तिनं सहा-सहा श्रेणींची लीग चालवली. आपल्याकडं कूपरेज राहिलं आणि रोव्हर्स कप २०००-०१ च्या मोसमानंतर गुंडाळला गेला. जागा असणं आणि स्पर्धा चालवण्याची जिद्द असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईत राहून मी जरा कडवटपणानंच लिहितो आहे.

१९३७ च्या तडजोडीत हात पोळलेल्या आयएफएनं चार वर्षांतच एक शहाणपणाची चाल केली. प्रांतांप्रांतांमध्ये अजिंक्यपदासाठी स्पर्धा व्हावी म्हणून तिनं चषक दिला. आयएफएचे माजी अध्यक्ष, संतोषचे राजे सर मन्मथनाथ रायचौधुरी यांचं १९३९ मध्ये निधन झालं होतं. त्यांच्या नावानं १९४१ मध्ये संतोष ट्रॉफी सुरू झाली. हे संतोष गाव मैमनसिंहकडचं, आज बांगलादेशात टांगाइल जिल्ह्यात. पहिल्या अंतिम सामन्यात बंगालनं दिल्लीला ५-१ असं हरवलं. देशावर राज्य करता आलं नाही, तर देशाला करंडक द्यायचा आणि तो आपणच जिंकत राहायचं! बंगालनं तो आतापर्यंत ३३ वेळा जिंकला आहे. महाराष्ट्राचा आकडा, जुन्या बॉम्बेसकट, चार.

फाळणीनंतर कोलकात्यात लाखो निर्वासित आले आणि ईस्ट बंगाल क्लब हा एका हरवलेल्या प्रदेशाचा पत्ता झाला. त्या क्लबाच्या त्या काळच्या पुढच्या फळीला पाच पांडव म्हणत: व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान, सालेह. पाचांपैकी बंगाली एकही नाही, सगळे दक्षिणेकडचे. १९४९ ते १९५१ शील्ड सलग तीन वेळा. ईस्ट बंगाल जिंकला की बाजारात इलिश महागणार, बागान जिंकला की कोळंबी; हे इतक्यांदा सांगून झालं आहे की इथं उल्लेख करून पुढं जातो.

क्लब इतके मोठे झाल्यावर संस्थेचं काय होतं? कागदावर आयएफए मालक, क्लब तिचे सभासद. व्यवहारात उलटं. साठ-सत्तरच्या दशकांतला दलबदलाचा मोसम हे त्याचं उघडं रूप. खेळाडूनं स्वतः आयएफएच्या कार्यालयात येऊन सही केली की तो त्या मोसमापुरता त्या क्लबाचा. म्हणून सहीआधी खेळाडू पळवले जात, शहराबाहेर लपवून ठेवले जात, आणि सहीच्या दिवशी समर्थकांच्या गराड्यातून कार्यालयाच्या दारात आणले जात. ईस्ट बंगालचे जीवन चक्रवर्ती आणि पल्टू दास ही जोडी या कलेत इतकी निष्णात होती की जीवन-पल्टू हे एकच नाव झालं. एका पावसाळ्याच्या निकालाला जितकी वर्तमानपत्रं खपत तितकीच या सह्यांच्या दिवसांत. आयएफएकडं काय, तर टेबल, रजिस्टर आणि शाई. पण गंमत बघा, एवढे सगळे उपद्व्याप शेवटी त्याच टेबलापाशी येऊन संपत.

या क्लबांपलीकडंही कोलकात्यात फुटबॉल होता आणि तो आयएफएमुळंच उभा होता: ईस्टर्न रेल्वे, बीएनआर, पोर्ट कमिशनर्स, कस्टम्स, पोलीस, आर्यन, राजस्थान, खिदिरपूर, उआडी. १९५८ मध्ये बाघा सोम यांच्या ईस्टर्न रेल्वेनं लीग जिंकली; पी. के. बॅनर्जी तिकडं होते. त्यानंतर तीन मोठ्यांखेरीज चौथ्या कुणी लीग जिंकायला किती काळ जावा? ६१ वर्षं. २०१९ मध्ये पियरलेस क्लबानं ती जिंकली, तेव्हा मैदानावरच्या जुन्या माणसांनाही १९५८ शोधून काढावं लागलं. ज्या लीगमध्ये सहा दशकं तीनच नावं फिरतात तिच्या नियामक संस्थेला तटस्थ राहणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. तिकीटविक्रीचे पैसे आणि गर्दी या तिघांमुळं, आणि बैठकीतली मतं मात्र शेकडो लहान क्लबांची. सचिव होण्यासाठी लहानांना राजी ठेवायचं आणि संस्था चालवण्यासाठी मोठ्यांना.

सत्तरच्या दशकात शील्डनं परदेशी पाहुणेही पाहिले. १९७० मध्ये ईस्ट बंगालनं अंतिम सामन्यात इराणच्या पास तेहरानला १-० असं हरवलं, गोल परिमल देचा. १९७८ मध्ये सोव्हिएत आर्मेनियाचा अरारात येरेव्हान आणि मोहन बागान संयुक्त विजेते. १९८५ मध्ये उरुग्वेचा पेन्यारोल येऊन शील्ड घेऊन गेला. आज आपल्याला आशियाई स्पर्धांचे इतके सोपस्कार करावे लागतात, आणि तेव्हा एक प्रांतिक संस्था पत्रव्यवहारावर दक्षिण अमेरिकेतला क्लब आणत होती.

मग १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान, लीगचा सामना. दोन्हीकडचे समर्थक एकाच स्टँडमध्ये एकत्र बसवले होते. उत्तरार्धात विदेश बोस आणि दिलीप पालित यांच्यात जुंपली, पंचांनी दोघांनाही बाहेर काढलं, आणि वर गॅलरीत मारामारी उसळली. चेंगराचेंगरीत १६ जण मेले. खेळ चालूच होता. मैदानावरच्या बऱ्याच जणांना वर काय घडतंय हे कळलंच नाही. समर्थकांना वेगवेगळं बसवणं ही कुठल्याही संघटकाच्या पाठीवरची पहिली जबाबदारी. ती पोलिसांची की आयएफएची की मैदानवाल्यांची यावर पुढं बरंच बोललं गेलं; मेलेल्यांच्या बाबतीत त्या वादाचा उपयोग शून्य. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १६ ऑगस्टला रक्तदान होतं. सॉल्ट लेकचं अवाढव्य स्टेडियम १९८४ मध्ये उभं राहिलं, मोठे सामने तिकडं गेले, आणि मैदानावरच्या तंबूंना दुपारचे लहान सामने उरले.

कोल्हापूरकरांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तिथंही १९४० पासून कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, आहे, शाहू स्टेडियम आहे, आणि पाटाकडील, दिलबहार, शिवाजी मंडळ, खंडोबा, बालगोपाल अशा तालमी-मंडळांचे संघ आहेत. पेठेची ईर्ष्या मैदानात उतरते, हुल्लड झाली की सामने थांबतात, पोलीस आणि केएसएची बैठक होते, आणि मग 'स्पर्धा पुन्हा सुरू करा' म्हणून सगळेच मागं लागतात. केएसए मुंबईच्या संस्थेला जोडलेली, मुंबईची दिल्लीच्या फेडरेशनला. या उतरंडीत वरच्या भांड्याला सगळे ओळखतात, पण गल्लीतल्या पोराचं नाव पहिल्यांदा नोंदलं जातं ते खालच्या भांड्यात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेल्या अनिकेत जाधवचं कोल्हापूर हे असंच.

कोलकात्यात आज हेच नोंदणीचं काम संस्थेचं मुख्य भांडवल झालं आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल २०२० पासून इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, आहेत, मोहामेडन २०२४ पासून. त्यांचे करार, त्यांचे परदेशी खेळाडू, त्यांचं दूरचित्रवाणीवरचं वेळापत्रक, यातलं काहीही सुटरकिन स्ट्रीटवर ठरत नाही. कोलकाता लीगला ते आपले राखीव आणि तरुण खेळाडू पाठवतात. शील्डची तऱ्हा तर अशी की मधली काही वर्षं ती १९ वर्षांखालील मुलांची स्पर्धा म्हणून खेळवली गेली. शिवदास भादुरीनं जिंकलेली ती ढाल शाळकरी वयाच्या मुलांच्या हातात पाहून हळहळणारे पुष्कळ होते. मला तितकंसं वाईट वाटलं नाही. निदान ढाल कपाटात नव्हती.

आणि मोठे वर गेल्यामुळं खाली जागाही झाली. २०२१ मध्ये मोहामेडननं ४० वर्षांनी लीग जिंकली आणि पुढची दोन वर्षंही राखली. आयएफएनं प्रीमियर श्रेणीचे दोन गट एकत्र करून ती २६ संघांची केली. सामन्यात बंगालच्या खेळाडूंची किमान संख्या सतत मैदानावर असलीच पाहिजे असा नियम आला. मैदानावर त्याला भूमिपुत्र नियम म्हणतात. हा शब्द मराठी कानाला फारच परिचयाचा. पाच पांडवांच्या शहरात असा नियम यावा हे थोडं खटकतं. पण बाजू दुसरीही आहे: मोठ्या क्लबांनी दुसऱ्या राज्यांतून तयार खेळाडू आणायचे आणि बर्धमान, हुगळी, नदियाच्या पोरांनी बाकावर बसायचं, हे अनेक वर्षं चाललं होतं. प्रांतिक संस्थेनं प्रांताचं पाहिलं नाही तर दुसरं कोण पाहणार? महिलांच्या लीगचंही तेच. शांती मल्लिकला १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, फुटबॉलमधली ती पहिली महिला. त्यानंतर बंगालच्या मुलींना नियमित सामने मिळण्यासाठी फार थांबावं लागलं. आता कन्याश्री चषकाच्या नावानं त्यांची लीग होते.

या नियमांचा हिशेब ३१ डिसेंबर २०२४ ला हैदराबादमध्ये लागला. संतोष ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात बंगाल आणि केरळ ९० मिनिटं बरोबरीत होते. भरपाईच्या वेळेत रॉबी हांसदानं गोल केला. पूर्व बर्धमानचा हा संथाळ तरुण स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला. संघाचे प्रशिक्षक संजय सेन, आणि संघ कोलकाता लीगच्या चिखलातूनच वेचलेला. राज्य सरकारनं विजेत्यांना पोलीस दलात नोकऱ्या दिल्या.

मात्र त्याच दिवशी आयएफएला कुणी विचारलं असतं की यंदाची कोलकाता लीग कुणी जिंकली, तर तिला उत्तर देता आलं नसतं. २०२४ च्या मोसमाचा निकाल डायमंड हार्बर क्लब आणि ईस्ट बंगाल यांच्या वादात अडकला होता. सामना ठरला तर एक संघ आला नाही, गुण कुणाला यावर तक्रार, तक्रारीवर कोर्ट. हैदराबादहून चषक कोलकात्यात पोचला तरी लीगच्या विजेत्याची ओळ वहीत कोरीच होती. ती भरायला पुढचं वर्ष उजाडलं, आणि ईस्ट बंगालच्या नावावर चाळिसावी लीग लागली ती मैदानाबाहेर, कागदांवरून.